'मिसिंग ५४': फ्लाइट लेफ्टनंट तांबे यांचं काय झालं?

१९७१ च्या युद्धाची गोष्ट आपण १६ डिसेंबरच्या विजयापर्यंत सांगतो. पण ५४ भारतीय जवान-अधिकाऱ्यांच्या घरी ती अजून संपलेली नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे त्यांतलं एक नाव.

ते कुठे गेले होते?
तांबे हवाई दलाच्या ३२ व्या स्क्वॉड्रनमध्ये होते. ५ डिसेंबर १९७१ ला ते सुखोई-७ विमानातून पाकिस्तानातल्या शोरकोट रोड विमानतळावर बॉम्बहल्ल्यासाठी गेले. तोफांच्या माऱ्यात विमान पडलं. सुखोई-७ मध्ये वैमानिक एकटाच असतो.

ते जिवंत असल्याची आशा कशामुळे?
त्याच दिवसांत एका पाकिस्तानी वृत्तपत्राने भारतीय वैमानिक पकडल्याची बातमी दिली. त्यात एक नाव होतं, 'टॉम्बे'. पुढे युद्धकैद्यांची अदलाबदल झाली, पण तांबे परतले नाहीत. असे कैदी आपल्याकडे नाहीत, असं पाकिस्तान सांगत आलं आहे.

घरच्यांनी काय केलं?
पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्यांनी शोध सोडला नाही. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, त्यांत त्याही होत्या. हाती काही लागलं नाही.

हुतात्म्याच्या घरी निदान एक तारीख असते. 'बेपत्ता' या शब्दात तीही नसते.