हैदराबाद संस्थानातील लष्करी प्रशासन

हैदराबाद संस्थानातील लष्करी प्रशासन म्हणजे सप्टेंबर १९४८ ते डिसेंबर १९४९ या काळातील मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची राजवट होय. आजच्या जालना जिल्ह्याचा बहुतांश भाग तेव्हा संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी 'ऑपरेशन पोलो' सुरू झाले. या मोहिमेस 'पोलीस कारवाई' म्हटले गेले, तरी जालना घेताना पायदळासोबत रणगाडेही होते आणि निजामाच्या फौजेने कडवा प्रतिकार केला. दुसऱ्या दिवशी शहर पडले. तेथे गुरख्यांची तुकडी ठेवून उरलेली फौज लातूर व मोमिनाबादकडे (आताचे अंबाजोगाई) वळली.

निजामाने फर्मान काढून आपले अधिकार लष्करी गव्हर्नरास दिले. त्यामुळे सर्फेखासचे विलीनीकरण आणि जहागिरींचे उच्चाटन हे मूलगामी बदल निर्वाचित विधिमंडळाविनाच झाले. रझाकारांचा नेता कासीम रझवी तुरुंगात गेला. मात्र या काळात मुस्लिमांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी करण्यासाठी केंद्राने पंडित सुंदरलाल समिती पाठवली. तिने २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला; काही ठिकाणी जवानांचा सहभाग, तर अनेक ठिकाणी लष्कराने दिलेले संरक्षण, दोन्ही नोंदवले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

तुर्कस्तानात १९६० व १९८० साली लष्कराने निर्वाचित सरकारे उलथवली. हैदराबादेत ते केंद्र सरकारच्या आदेशाने आले. चौधरींनंतर सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले. मार्च १९५२ मध्ये बुर्गुला रामकृष्ण राव यांचे निर्वाचित सरकार सत्तेवर आले.