स्वस्त घर आणि सुरक्षित वस्ती

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे रूढ झाली तेव्हा घर बांधणाऱ्याला आपला शेजार बहुधा आधीच ठाऊक असे. आळी ठरलेली, भाऊबंद ठरलेले. (त्या ठरलेपणात अन्यायही पुष्कळ होता, पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.) मोठ्या शहरात तसे नसते. तेथे बेताच्या प्राप्तीचा माणूस घर घ्यायला निघाला की त्याच्यापुढे एक अवघड हिशेब उभा राहतो. चांगल्या वस्तीतले घर परवडत नाही. आणि जे परवडते ते अशा ठिकाणी असते की तेथे संध्याकाळनंतर मुलीला दुकानात पाठवायची छाती होत नाही. किती पैसे वाचले म्हणजे किती भीती पत्करावी, असा तो हिशेब आहे.

हा हिशेब करणारा मनाशी एक गोष्ट गृहीत धरतो. वस्तीचा धोका ही जणू हवापाण्यासारखी आधीपासून असलेली गोष्ट आहे, आणि घराची किंमत तिच्यामागून ठरते, असे त्याला वाटते. या गृहीताची परीक्षा इतिहासाच्या साहाय्याने करावी, एवढाच आमचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही अमेरिकेतील शहरे, विशेषतः शिकागो, निवडली आहेत. कारण तेथे हा सारा व्यवहार कागदोपत्री झाला आणि ते कागद पुढे अभ्यासकांच्या हाती लागले.

१९३३ साली अमेरिकेत मंदी इतकी खोल गेली होती की दिवसाला सुमारे एक हजार घरे कर्जापायी सावकारांच्या ताब्यात जात होती. घरासाठी मिळणारे कर्ज त्या काळी तीन ते पाच वर्षांच्या मुदतीचे असे, आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी फेडावे लागे किंवा नवे कर्ज काढावे लागे. रूझवेल्ट सरकारने त्याच वर्षी एक महामंडळ काढून अशी सुमारे दहा लाख कर्जे स्वतःकडे घेतली आणि ती पंधरा वर्षांच्या सारख्या हप्त्यांत बांधून दिली. आज जगभर घरासाठी हप्त्याचे जे कर्ज मिळते, त्याची घडी बसवण्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. हे काम उपकाराचे होते, यात शंका नाही.

परंतु याच महामंडळाने १९३५ पासून दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करविले. प्रत्येक वस्तीला चारांपैकी एक रंग दिला: उत्तम ती हिरवी, त्याखालची निळी, उतरणीला लागलेली पिवळी आणि धोक्याची ती लाल. या नकाशांचे अधिकृत नाव ‘निवासी सुरक्षेचे नकाशे’ असे होते. सुरक्षा कोणाची? राहणाऱ्याची नव्हे, कर्जाऊ दिलेल्या पैशाची. घरांचे वय आणि बांधणी यांच्या जोडीला तेथे कोणत्या वंशाचे लोक राहतात हेही टिपले जाई. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ हटकून लाल होई, मग त्यांतली घरे कशीही असोत. शिकागोत जमिनीच्या किमतींचा अभ्यास करणाऱ्या होमर हॉइट यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात तर कोणत्या समाजाच्या येण्याने किंमत किती घसरते याची उतरंडच दिली होती. सर्वांत वर इंग्रज, जर्मन, स्कॉट, आणि सर्वांत खाली कृष्णवर्णीय व मेक्सिकन.

येथे एक खुलासा केला पाहिजे. या नकाशांनीच सारा घात केला असे पुष्कळदा सांगितले जाते. पण अलीकडच्या संशोधनात असे दिसून आले आहे की महामंडळाने स्वतः लाल वस्त्यांतही कर्जे दिली होती. खरी नाकेबंदी १९३४ साली निघालेल्या दुसऱ्या सरकारी खात्याने केली. हे खाते कर्ज देत नसे. पेढ्यांनी दिलेल्या कर्जाची हमी घेई. हमी मिळाली की पेढी थोडी रक्कम आगाऊ घेऊन, कमी व्याजाने, लांब मुदतीचे कर्ज देई. हमीची नियमावली सांगत होती की वस्ती स्थिर राहायची तर तेथे एकाच सामाजिक व वांशिक वर्गाचे लोक राहिले पाहिजेत. मग शहराबाहेरची नवी उपनगरे हमीने भरभरून वाढली, आणि शहरातल्या जुन्या वस्त्यांत घर घेणाऱ्याला पेढीची पायरी चढण्यात अर्थ उरला नाही.

ज्या वस्तीला सावकार धोक्याची म्हणतो ती राहायला धोक्याची असतेच काय? बॉस्टन शहरातील नॉर्थ एंड या वस्तीचे उदाहरण जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दिले आहे. दाट घरे, अरुंद रस्ते, गरीब इटालियन कुटुंबे. नगररचनाकार आणि पेढीवाले तिला शहरातली वाईट झोपडपट्टी समजत. सुमारे १५ हजार लोकांच्या त्या वस्तीत मंदीपासून पंचवीस वर्षांत दिलेले मोठ्यात मोठे गहाण कर्ज ३ हजार डॉलरचे, आणि तीही अगदी मोजकी. तथापि बालगुन्हेगारी आणि बालमृत्यू यांचे तेथील प्रमाण शहरातल्या कमीत कमी प्रमाणांपैकी होते. लोकांनी आपल्या दुकानांच्या मिळकतीतून आणि एकमेकांच्या घरी सुतारकाम, गवंडीकाम करून देऊन घरे सुधारली होती. दुकाने रात्रीपर्यंत उघडी, माणसे ओट्यावर, मुलांवर सगळ्यांची नजर. आपल्या चाळींत वाढलेल्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता शिकागोच्या पश्चिम भागातील नॉर्थ लॉनडेलकडे वळू. ही वस्ती १९३० च्या सुमारास मुख्यतः रशियातून आलेल्या ज्यूंची होती. जवळच वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तेथे भरभराटीच्या काळात ४३ हजारांहून अधिक माणसे कामाला होती. १९५० साली वस्तीत सुमारे ८७ हजार गोरे आणि १३ हजार कृष्णवर्णीय होते. १९६० साली गोरे ११ हजारांहून कमी आणि कृष्णवर्णीय १ लाख १३ हजारांवर गेले. दहा वर्षांत एवढी वस्ती आपोआप पालटत नसते. दलाल घरोघर जाऊन, रात्री-अपरात्री दूरध्वनी करून गोऱ्या मालकांना भीती घालीत: काळे येत आहेत, आज विकाल तर निम्मी तरी किंमत येईल. काही ठिकाणी तर कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाळाची गाडी घेऊन त्या रस्त्याने फिरायला लावीत. घाबरलेला मालक मिळेल त्या भावाने विकून जाई आणि दलाल तेच घर कृष्णवर्णीय कुटुंबाला दुप्पट भावाने देई.

दुप्पट हा शब्द आम्ही अतिशयोक्तीने वापरलेला नाही. मिसिसिपीतून आलेल्या एका सैनिकी नोकरी केलेल्या कामगाराने १९६१ साली तेथे २७,५०० डॉलरना घर घेतले. विकणाऱ्याने ते सहाच महिन्यांपूर्वी १२ हजारांना घेतले होते. त्या काळी शिकागोत कृष्णवर्णीयांनी घेतलेल्या घरांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक घरे याच पद्धतीने विकली गेली, आणि सरासरी ८४ टक्के जास्त किंमत लावली गेली, असा निष्कर्ष ड्यूक विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१९ साली मांडला.

पेढीची वाट बंद असल्यामुळे ही खरेदी हप्तेबंदीच्या कराराने होई. घेणारा आगाऊ रक्कम भरी, दरमहा हप्ता देई, दुरुस्ती आणि कर त्याच्याच माथी. पण खरेदीखत मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याच्या नावावर. एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले पैसेही गेले. मग तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला! नावाला मालक, पण हक्क भाडेकरूइतकाही नाही, अशी ही मालकी होती.

आणि येथेच आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. हप्ता चुकू नये म्हणून नवरा दोन-दोन नोकऱ्या करी, बायको कामाला जाई. मुलांकडे पाहायला घरी कोणी नाही. घराच्या खोल्या पाडून पोटभाडेकरू ठेवले जात. छप्पर गळले तर ते तसेच गळे, कारण दुरुस्तीचे पैसे हप्त्यात गेलेले. माणसे दाटली आणि शाळा अपुऱ्या पडून दोन पाळ्यांत भरू लागल्या. अर्धा दिवस मुले रस्त्यावर. त्यानंतर रोजगार गेला: हार्वेस्टरचा कारखाना १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बंद झाला, सीअर्सची मुख्य कचेरी १९७४ च्या सुमारास तेथून हलली, आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत हॉथॉर्नलाही टाळे लागले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर उसळलेल्या दंगलीत वस्तीतली दुकाने जळाली, ती पुष्कळशी पुन्हा उभी राहिलीच नाहीत. हे किंग स्वतः १९६६ साली घरांच्या चळवळीसाठी याच वस्तीत बिऱ्हाड करून राहिले होते. मग टोळ्या आल्या, चोऱ्यामाऱ्या आल्या. त्या वेळी नकाशा हाती घेऊन एखादा पेढीवाला म्हणू शकला असता, पाहा, आम्ही सांगितलेच होते.

लॉनडेलमधला धोका काल्पनिक होता असे मात्र कोणी समजू नये. ज्याच्या दारात सुरा चालला त्याला कर्जाचा इतिहास सांगून धीर येत नाही, आणि जो मुलाबाळांना घेऊन तेथून निघून गेला त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार व्याख्यानपीठावर उभ्या असलेल्या माणसाला नाही. आमचे म्हणणे इतकेच की लॉनडेलमधील घर स्वस्त नव्हते. धोक्याच्या वस्तीत निदान किंमत तरी कमी असते, हा आपला समज तेथे साफ खोटा ठरला. कृष्णवर्णीय घेणाऱ्याने किंमतही दुप्पट मोजली आणि धोकाही पदरात घेतला. आणि त्या दुप्पट किमतीनेच धोका वाढवला.

१९६८ च्या आरंभी तेथील कुटुंबांनी आपला संघ स्थापला. जॅक मॅक्नामारा या जेझुइट पंथातील तरुण उमेदवाराने नोंदी शोधून कोणते घर किती पटीने विकले ते दाखवून दिले. वर्षाअखेर शेकडो कुटुंबांनी हप्ते देण्याचे थांबविले. शेरीफची माणसे सामान रस्त्यावर आणून टाकीत आणि शेजारी ते पुन्हा घरात नेऊन ठेवीत. न्यायालयात १९७० नंतरच्या दशकात त्यांचा पराभव झाला. परंतु दरम्यान शेकडो करार नव्या, वाजवी अटींवर बदलून मिळाले.

त्याच १९६८ मध्ये घरविक्रीतील वंशभेद कायद्याने बंद झाला. (१९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना शिकागोच्या उपनगरांत घर घेता आले, त्यामागे या लढ्याचे पुण्य आहे, हे तिकडे क्वचितच कोणाच्या ध्यानात असते.) सरकारने गरिबांना घरखरेदीसाठी व्याजात मोठी सूटही दिली. पण दलाल आणि किंमत ठरविणारे तेच राहिले. मोडकी घरे रंगवून, हमी मिळवून, गरीब बायाबापड्यांच्या गळ्यात मारली गेली. डेट्रॉइटमध्ये हजारो घरे हप्ते थकून सरकारच्याच पदरी पडली, आणि जानेवारी १९७३ मध्ये योजना स्थगित करावी लागली. कर्ज न देण्याने वस्ती मोडते तशी वाटेल तसे कर्ज दिल्यानेही मोडते.

बॉल्टिमोर शहराने १९७३ पासून ओसाड घरे एका डॉलरला विकली. यापेक्षा स्वस्त घर ते कोणते? पण एक डॉलरला मिळे ते बहुधा भिंतींचे खोके. ठरल्या मुदतीत दुरुस्ती करावी आणि तेथेच राहावे, अशी अट होती. त्यासाठी शहर कमी व्याजाचे कर्ज देई. ऑटरबाइन भागात सुमारे शंभर घरे १९७५ साली चिठ्ठ्या टाकून एकदमच दिली गेली. तेथे यश आले, कारण नव्या मालकाला एकट्याला ओसाड रस्त्यावर झोपावे लागले नाही. समोरचा आणि शेजारचाही हातात करणी घेऊन उभा होता. बंदर जवळ होते, हेही विसरता कामा नये. इतर भागांत जेथे एखाददुसरे घर असे सुटे दिले गेले, तेथे ही जादू चालली नाही.

शिकागोच्या पश्चिम वेशीला लागून ओक पार्क नावाचे गाव आहे. शेजारचा ऑस्टिन भाग १९७० नंतरच्या दहा वर्षांत लॉनडेलसारखाच झपाट्याने पालटत होता, आणि मधे फक्त एक रस्ता. ओक पार्कने १९६८ साली सर्वांना घरे खुली करणारा ठराव केला. १९७२ मध्ये नव्या बिऱ्हाडांना गावभर विखरून घरे मिळवून देणारी संस्था निघाली, आणि ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या लावण्यास मनाई झाली. पाट्यांची रांग दिसली की भीती पसरते, हे त्यांनी ओळखले होते. १९७८ मध्ये तर गावाने घराच्या किमतीचा विमाच काढला: मालकाने पाच वर्षांनंतर घर विकले आणि किंमत उतरलेली आढळली, तर तुटीचा ८० टक्के भाग गाव भरून देईल. त्या विम्यात थोड्याच घरमालकांनी नावे घातली. बाकीचे विमा न काढता तेथेच राहिले, आणि त्यांच्या आळीत कृष्णवर्णीय शेजारी येऊन स्थायिक झाले.