मोरसला गेलेले

जुन्या मराठीत पांढऱ्या साखरेला एक नाव होतं, मोरस. गुजरातीत ते अजून चालतं. तिकडच्या किराणा दुकानात मोरस मागितली की दाणेदार साखर मिळते. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बेटावरची साखर पोत्यांनी मुंबई बंदरात उतरायची आणि तिथून देशभर जायची. कोकणात मात्र तिचं फार अडलं नसावं, कारण आपल्या मोदकाला गूळच लागतो. पण ही साखर ज्यांच्या हातांनी तयार होत होती, त्यांतले काहीजण याच मुंबई बंदरातून तिकडे गेलेले होते आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले शेतकरी बरेच होते.

मी या विषयाकडे फार लांबून आलो. आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट अमेरिकेत मिशिगनमध्ये, हॉलंड नावाच्या गावात आहे. कॉलवर कामाचं बोलणं संपल्यावर तिथला एकजण आपल्या पणजोबांच्या पणजोबांबद्दल सांगायला लागला. कुठलं जहाज, कुठलं वर्ष, मूळ गाव कोणतं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. मग मी ती गोष्ट वाचून काढली. नेदरलँड्समध्ये १८३४ साली काही लोक सरकारी चर्चमधून फुटून निघाले. त्यांना दंड झाले, काहींना तुरुंगवास झाला. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि गरीब शेतकऱ्यांच्या ताटातलं मुख्य अन्नच गेलं. १८४६ च्या शेवटी व्हान राल्टे नावाचा धर्मगुरू अनुयायांना घेऊन निघाला आणि १८४७ मध्ये त्यांनी मिशिगनच्या जंगलात हॉलंड वसवलं. त्याच वर्षी शोल्टे नावाचा दुसरा धर्मगुरू आयोवात गेला आणि त्याच्या लोकांनी पेला हे गाव उभं केलं. सरकारी जमिनीचा भाव एकरी सव्वा डॉलर होता. (ती जमीन आधी मूळ रहिवाशांची होती, तो हिशेब वेगळाच.) सगळे सुखरूप पोचले असंही नाही. १८४७ च्या नोव्हेंबरात मिशिगन सरोवरात फीनिक्स ही बोट जळाली आणि दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक डच. तरीही पोचलेले लोक घरी पत्रं लिहीत राहिले आणि पत्रांमागून गावंच्या गावं निघाली.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमची बाजू होती. मी रत्नागिरीचा, आरे-वारेच्या अलीकडचा. त्याच दहा-वीस वर्षांत इथले शेतकरी काय करत होते?

आरे-वारे तुम्ही बहुतेक रीलमध्ये पाहिलेलं असेल. गणपतीपुळ्याला जाणारा सागरी रस्ता, वळणावरून दिसणारे दोन किनारे, खाली सुरूची झाडं. आता तोच रस्ता समुद्राकडे पाठ करून बघा. वर जांभ्याचा कातळ, ज्यावर पावसाळ्यात फक्त गवत येतं. मध्ये उतार, ज्याला कोकणात वरकस म्हणतात. तिथे नाचणी आणि वरी निघते, तीही काही वर्षं जमीन पडीक ठेवून. आणि तळाशी, ओढ्याच्या कडेला, भाताची चिंचोळी खाचरं. एवढ्यावर एक कुटुंब वर्षभर जेवणं कठीणच होतं.

त्यात खोत होता. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा हा वतनदार, आणि त्याच्याखाली कुळं. अनेक गावांत पद्धत अशी की भाताचं निम्मं पीक खोताला, म्हणून ते अर्धेल, आणि वरकसाचं तिसरा हिस्सा, म्हणून ते तिजल. वर वेठ वेगळी. खोताच्या घरचं लाकूड, खोताची नांगरट, खोताची पालखी. कुळाने बांध घातला, खाचर नवं काढलं, तरी जमीन खोताचीच. डच शेतकऱ्याला सरकार आणि रोग असे दोन शत्रू होते. कोकणी कुळाचा शत्रू त्याच्याच वाडीच्या वरच्या अंगाला राहत होता आणि सणाला त्याच्याच दारात जाऊन उभं राहावं लागायचं.

जाणं इथे नवं नव्हतं. पलटणीत रत्नागिरीचे मराठे आणि महार भरपूर होते. पेन्शनीवर परतलेला सुभेदार हे इथलं ओळखीचं माणूस. समुद्राची भीतीही घाटावरच्या लोकांइतकी नसावी. पण मॉरिशस हे वेगळं प्रकरण होतं.

योगायोग असा, की त्या बेटाला नाव डचांनीच दिलं. १५९८ साली ते तिथे उतरले, आपल्या राजपुत्र मॉरिट्सचं नाव त्याला दिलं. १६३९ मध्ये त्यांनी जावाहून ऊस आणला. त्याच सुमाराला, १६३७ मध्ये, त्यांनी आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली होती. मॉरिशसमध्ये त्यांचं बस्तान बसलं नाही, १७१० मध्ये ते निघून गेले. ऊस मागे राहिला. मग फ्रेंच आले, गुलाम आले, मग इंग्रज आले. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना प्रश्न पडला की ऊस कोण तोडणार. उत्तर आधीच शोधून ठेवलेलं होतं. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून ॲटलास नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या बेटावर उतरले. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून. त्या कमीतले आपले.

सुरुवातीला फसवाफसवी इतकी झाली, की कंपनी सरकारला ही भरती थांबवावी लागली. १८४२ मध्ये बंदी उठली, पण आता बंदरात प्रोटेक्टर नावाचा अधिकारी बसायला लागला. माणूस खुशीने जातोय का, हे त्याने विचारायचं. करार साधारण असा: महिना पाच रुपये, रोज शेरभर तांदूळ, थोडी डाळ, मीठ, तेल-तूप, वर्षाला कपडा आणि घोंगडी. सुरुवातीचे करार पाच वर्षांचे. घरी नाचणीच्या पेजेवर दिवस काढणाऱ्याला रोजचा शेरभर तांदूळ काय वाटला असेल, हे समजायला इतिहासकार लागत नाही.

डचांच्या गोष्टीत जे काम पत्रांनी केलं, ते इथे माणसांनी केलं. आपल्या कुळांना लिहिता येत नव्हतं. पण मळ्यावर सरदार, म्हणजे मुकादम, झालेला एखादा गडी परत यायचा. अंगावर धड कपडा, कनवटीला चार पैसे. मळेवाले अशांना मुद्दाम पाठवायचे, स्वतःच्याच मुलखातून माणसं आणायला. तो जे सांगायचा त्यात खरं किती, खोटं किती, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. पण तो जिवंत परत आला होता, एवढं दिसत होतं. मग पाऊस संपला, समुद्र खुला झाला, की गलबतातून मुंबई आणि मुंबईहून शिडाचं जहाज. वारा बरा असला तर महिनाभर, पडला तर जास्त.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून डेपोत जायचं. लोक त्याला कुली घाट म्हणत. आता त्याचं नाव आप्रवासी घाट आहे आणि २००६ पासून तो युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. तिथे रजिस्टर होतं. त्यातली बरीचशी आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. मी दिवसभर डेटाबेस हाताळतो, त्यामुळे या रजिस्टरच्या रकान्यांवर माझा जीव अडकला. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव. पुढच्या काळात फोटोसुद्धा. प्रत्येकाला एक नंबर, आणि तो पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर अगदी नेटकी प्रायमरी की.

घोटाळा आडनावाचा झाला. कुळवाड्याला आडनावाची रोज गरज पडत नसे. वाडीत सगळे एकाच आडनावाचे, हाक मारायची ती पाळण्यातल्या नावाने. कारकून इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचा, त्याने ऐकू आलं ते रोमन लिपीत लिहिलं. मग मुलाच्या नावापुढे बापाचं नाव आलं आणि तेच पुढे कायमचं आडनाव झालं. म्हणून तिथल्या मराठी घरांत आज भिवाजी हे आडनाव आहे. आपल्याकडे असा कोणी भिवाजी निघून गेला असेल, तर त्याचे भाऊबंद इथे पवार, शिंदे, गुरव काहीही असू शकतात. दोन टेबलं आहेत, पण जोडायला सामाईक रकाना राहिलेला नाही. गावाचं नाव असतं, पण तेही असं लिहिलेलं की नेवरे की नाणार, हे ताडावं लागेल. मिशिगनच्या त्या माणसाला सगळं पाठ होतं, कारण त्याच्या पूर्वजांची यादी त्यांच्याच चर्चने, त्यांच्याच भाषेत केली होती.

मळ्यावरचं जिणं थोडक्यात सांगतो, कारण ते वाचून अंगावर काटा येतो आणि त्याचा तपशील एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फार बदलत नाही. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचे. ही दुहेरी कापणी विसाव्या शतकापर्यंत टिकली. १८५० च्या दशकात परतीचं फुकट तिकीट बंद झालं. १८६७ च्या कायद्याने फोटोचा पास जवळ नसेल तर भटक्या म्हणून तुरुंग. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्याने १८७१ मध्ये मजुरांच्या हजारो सह्या घेऊन अर्ज केला, तेव्हा चौकशीला रॉयल कमिशन आलं. आलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोक मायदेशी परतले. बाकीचे राहिले किंवा तिथल्या मातीत गेले.

मुंबईहून जाणारी रांग १८६० च्या दशकात आटली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा आला, घाटातून रेल्वे चढली, गिरण्यांची धुराडी वाढत गेली. पाच रुपयांसाठी समुद्रापार जायची गरज उरली नाही. १८८१ च्या जनगणनेत मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली लाखाहून जास्त माणसं होती. आपल्या घरांच्या आठवणीत मुंबई राहिली आणि तिने मॉरिशस पुसून टाकलं. चाकरमान्यावर नाटकं झाली. मोरसला गेलेल्यावर इथे कुणी गाणं रचल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिकडे मात्र गाणं उरलं. कास्कावेल, व्हाकोआ या भागांत मराठी वस्ती आहे. भिवाजी कुटुंबाने १८९६ मध्ये गणपती बसवला, आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. गणपतीपुढे जो नाच होतो त्याला ते झाकरी म्हणतात. आपली जाखडी. मध्ये मृदंग-झांजवाले, भोवती गोल, पायात चाळ. युट्यूबवर ती पाहिली तेव्हा आवाज बंद करून पाहिली. घरचं कुणी मागून गेलं असतं तर संगमेश्वरचा व्हिडिओ समजलं असतं. आवाज लावला तर बाजूचे प्रेक्षक क्रिओलमध्ये बोलत होते.

आणि जमीन? युरोपातल्या शेतकऱ्यांनी बीटापासून साखर काढायला सुरुवात केली आणि उसाच्या साखरेचा भाव पडला. १८८० नंतर मॉरिशसचे मळेवाले कडेकडेचे, नापीक तुकडे विकू लागले. करार संपलेल्या भारतीयांनी ते घेतले, हप्त्याने, कर्जाने, बायकांचे दागिने मोडून. काहींचे तुकडे सावकाराकडे गेले, काहींनी टिकवले. म्हणजे रत्नागिरीहून निघालेल्या एखाद्या कुळाच्या नातवाच्या हातात विसावं शतक उजाडायच्या सुमाराला स्वतःच्या नावाचा कागद पडलेला असू शकतो.

इथे राहिलेल्या भावाच्या घरात तो कागद कधी आला, ते मोजता येतं. १८८० च्या खोती कायद्याने खोतांचे हक्क पक्के केले. १९३३ पासून अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी पाच-सहा वर्षं जमीन न कसता संप चालवला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते पास झालं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. कूळकायद्याचा कृषक दिन आला १ एप्रिल १९५७ ला. सातबाऱ्यावर नाव चढायला कित्येक घरांत त्यानंतरही तलाठ्याच्या आणि कोर्टाच्या खेपा झाल्या.

माझ्या आजोबांच्या नावाचा सातबारा आमच्याकडे आहे. अकरा गुंठे, वरकस. सध्या रोज कुणीतरी आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकतं: आरे-वारे, सी व्ह्यू, क्लिअर टायटल.