अंकीय ध्वनितंत्रातील अल्पगोंगाट विद्युत् पुरवठा

प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) विद्युत् प्रवाहापासून इलेक्ट्रॉनीय मंडलांना लागणारा स्थिर एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) विद्युत् दाब निर्माण करणाऱ्या साधनास विद्युत् पुरवठा म्हणतात. या दाबात मिसळलेल्या अनिष्ट चढउतारांस गोंगाट ही संज्ञा आहे. ध्वनी अंकांच्या रूपात साठविला म्हणजे गोंगाटाचा प्रश्न कायमचा मिटला, अशी समजूत सुरुवातीच्या काळात प्रचलित होती. ती निम्मीच खरी आहे. अंक साठविताना वा पाठविताना गोंगाटाचा त्यावर सहसा परिणाम होत नाही. परंतु अंकाचे पुन्हा विद्युत् दाबात रूपांतर होते, त्या ठिकाणी गोंगाटाला वाट मिळते. अल्पगोंगाट विद्युत् पुरवठ्याचा आणि त्यावर चालणाऱ्या खास संगणकांचा इतिहास हा मुख्यतः ही वाट नेमकी कोठे आहे, याच्या शोधाचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ निर्वात नलिका तयार केली व तिच्या योगे प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिशीकरण शक्य झाले. तरीही प्रारंभीचे रेडिओ ग्राही विद्युत् घटमालांवरच चालत. कारण घरगुती विजेवर ते चालविल्यास ध्वनिक्षेपकातून सतत गुणगुण ऐकू येई. १९२५ मध्ये टोराँटो येथील एडवर्ड रॉजर्स यांनी घटमालेविना थेट घरगुती विजेवर चालणारा ग्राही विक्रीस आणला. पूर्ण तरंगाचे एकदिशीकरण केल्यावर मूळ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येच्या) दुप्पट कंप्रतेची ऊर्मिका शिल्लक राहते. भारतात विजेची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने ही ऊर्मिका १०० हर्ट्‌झ, तर अमेरिकेत १२० हर्ट्‌झ असते. मोठी धारित्रे व प्रवर्तक वेटोळी यांच्या साहाय्याने ती गाळण्यात येऊ लागली.

ऊर्मिका गाळून टाकल्यावरही काही गोंगाट उरतोच. व्हाल्टर शॉट्‌की यांनी १९१८ मध्ये, इलेक्ट्रॉन सुटेसुटे वाहत असल्यामुळे उद्‌भवणाऱ्या गोंगाटाचे विवरण केले. बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी रोधकातील उष्णताजन्य गोंगाट मोजला व हॅरी नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती दिली. या दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या सूत्रानुसार १,००० ओहम रोधकात नेहमीच्या तापमानाला २०,००० हर्ट्‌झ पट्ट्यात सु. ०·५७ मायक्रोव्होल्ट गोंगाट असतो. रोध किंवा तापमान कमी केल्याशिवाय तो कोणत्याही कौशल्याने टाळता येत नाही. त्यामुळे मंडलांच्या शांततेला एक निसर्गदत्त मर्यादा आहे, हे स्पष्ट झाले.

दाब नियंत्रक : अर्धसंवाहक तंत्रविद्येच्या प्रगतीमुळे संपूर्ण दाब नियंत्रक एका लहानशा संकलित मंडलात सामावणे शक्य झाले. रॉबर्ट विड्‌लर यांनी नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीसाठी रचलेला एलएम १०९ हा ५ व्होल्टचा नियंत्रक १९६९ मध्ये उपलब्ध झाला. अंकीय यंत्रांतील प्रत्येक मंडल पट्टिकेवर स्वतंत्र नियंत्रक बसविता यावा, हा त्यामागील हेतू होता. त्यानंतरच्या दशकात आलेला एलएम ३१७ हा दाब कमीजास्त करता येणारा नियंत्रक ध्वनियंत्रांत अतिशय रूढ झाला. त्याचा गोंगाट निर्गत दाबाच्या सु. ०·००३ टक्के, म्हणजे ५ व्होल्टला सु. १५० मायक्रोव्होल्ट असतो.

याच सुमारास वेगळ्या पद्धतीचा पुरवठाही प्रचारात आला. दाब सतत नियंत्रित करण्याऐवजी ट्रँझिस्टर दर सेकंदास हजारो वेळा चालू-बंद करून लहान रोहित्रातून ऊर्जा पाठविणाऱ्या साधनास स्विचन पुरवठा म्हणतात. १९७७ मधील ॲपल २ या संगणकात रॉड होल्ट यांनी अशा पुरवठ्याचा वापर केला. वजन, आकारमान व उष्णता यांत मोठी बचत झाल्याने पुढे जवळजवळ सर्व संगणकांनी ही पद्धत स्वीकारली. चालू-बंद होण्याच्या क्रियेतून निर्माण होणारा उच्च कंप्रतेचा गोंगाट हे या बचतीचे मोल होते. संगणकातील हिशेबाला त्याची बाधा होत नव्हती; म्हणून त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

अंकीय ध्वनी व काळाचा प्रश्न : ध्वनीचे ठराविक अंतराने नमुने घेऊन ते अंकांत मांडण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्‌ज यांनी १९३७ मध्ये सुचविली व १९३८ मध्ये फ्रान्समध्ये तिचे एकस्व घेतले. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेने १९६७ मध्ये अंकीय ध्वनिमुद्रक तयार केला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनी कंपनीचा सीडीपी-१०१ हा पहिला काँपॅक्ट डिस्क वादक जपानमध्ये विक्रीस आला. या तबकडीवर दर सेकंदास ४४,१०० नमुने असून प्रत्येक नमुना १६ द्विमान अंकांचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक असतो. तात्त्विक दृष्ट्या यामुळे ध्वनी व गोंगाट यांत सु. ९८ डेसिबेलांचे अंतर मिळते.

अंकाचे दाबात रूपांतर करणारा परिवर्तक दोन गोष्टींवर विसंबून असतो : एक संदर्भ दाब व दुसरी वेळ. परिवर्तकाचा निर्गत दाब हा अंक व संदर्भ दाब यांच्या गुणाकाराएवढा असतो. म्हणून संदर्भ दाबातील गोंगाट संगीताशी गुणला जाऊन त्याच्याबरोबर बाहेर पडतो व नंतर तो वेगळा काढता येत नाही. तसेच प्रत्येक नमुना नेमक्या क्षणी बाहेर पडावा यासाठी क्वॉर्ट्‌झ स्फटिकाचा आंदोलक लागतो. त्याच्या पुरवठ्यातील गोंगाटामुळे हे क्षण किंचित मागेपुढे होतात. यास कालविचलन किंवा जिटर म्हणतात. पूर्ण पातळीवरील २०,००० हर्ट्‌झच्या स्वरात १६ अंकी पद्धतीच्या अर्ध्या पातळीहून अधिक चूक होऊ नये यासाठी क्षणातील विचलन सु. १२१ पिकोसेकंदांच्या (एक पिकोसेकंद = १०⁻¹² सेकंद) आत असावे लागते, असे गणिताने दिसून येते. २४ अंकी पद्धतीत हीच मर्यादा अर्ध्या पिकोसेकंदाहूनही कमी होते.

तबकडी वाचणारे यंत्र व परिवर्तक ही साधने वेगवेगळी बनू लागल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९८५ मध्ये प्रमाणित झालेल्या एईएस ३ या जोडणीत अंक व कालदर्शक संदेश एकाच तारेतून जातात आणि परिवर्तकाला त्यांतून वेळ वेगळी काढावी लागते. ख्रिस डन व माल्कम हॉक्सफर्ड यांनी १९९२ मध्ये या जोडणीचीच चिकित्सा केली. त्याच वर्षी ज्युलियन डन यांनी जिटर मोजण्याच्या पद्धतींचे विवेचन प्रसिद्ध केले. अंक अचूक असूनही ध्वनी बदलू शकतो, ही गोष्ट यामुळे तर्काच्या व मापनाच्या कक्षेत आली.

संगणकाचा प्रवेश : यूएसबी जोडणीसाठीचे ध्वनिविषयक प्रमाण १९९८ मध्ये निश्चित झाल्यावर संगणक हाच ध्वनीचा स्रोत बनला. मात्र त्याचा पुरवठा ध्वनीसाठी योजलेला नव्हता. १९९५ मध्ये पुढे आलेल्या एटीएक्स प्रमाणानुसार १२ व्होल्टच्या दाबात १२० मिलिव्होल्टपर्यंत व ५ व्होल्टच्या दाबात ५० मिलिव्होल्टपर्यंत चढउतार चालतो. एलएम ३१७ च्या गोंगाटाच्या तुलनेत हे प्रमाण शेकडो पट आहे. शिवाय यूएसबीवरून माहिती गठ्ठ्यांनी जाते. पूर्ण वेगाच्या जोडणीत दर सेकंदास १,००० व उच्च वेगाच्या जोडणीत ८,००० काल-चौकटी असतात. या दोन्ही कंप्रता श्रवणकक्षेतीलच आहेत.

या अडचणीवरील महत्त्वाचा उपाय पुरवठ्यात नव्हे, तर वेळेच्या नियंत्रणात सापडला. असमकालिक पद्धतीत परिवर्तकाजवळील आंदोलक हाच प्रमुख असतो. तो आपल्या गतीने संगणकाकडून अंक मागून घेतो. त्यामुळे संगणकाच्या आंदोलकाचा दोष ध्वनीत उतरत नाही. तथापि तारेच्या आवरणातून वाहणारा गोंगाट शिल्लक राहतो. स्विचन पुरवठ्यात प्राथमिक व द्वितीयक बाजूंना जोडणाऱ्या धारित्रातून अल्प गळती प्रवाह सुटतो आणि तो ध्वनियंत्रांच्या भूसंपर्कातून फिरत राहतो.

रचना : ध्वनीसाठी खास बांधलेल्या संगणकात अल्पशक्तीचा, पंख्याविना थंड राहणारा प्रक्रियक व फिरणारे भाग नसलेला साठा वापरतात. रोहित्र, एकदिशकारक, धारित्रे व सतत नियंत्रक असलेला पुरवठा स्वतंत्र पेटीत ठेवतात. आंदोलक, यूएसबी मंडल व मुख्य पट्टिका यांना वेगवेगळे नियंत्रक देतात. वलयाकार रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी पसरते. परंतु त्याच्या वेटोळ्यांतील धारकतेमुळे विजेतील उच्च कंप्रतेचा गोंगाट सहज पलीकडे जातो. वेटोळी वेगळ्या कप्प्यांत गुंडाळलेल्या रोहित्रात हा दोष कमी असतो. उष्णता ही या पद्धतीची मोठी उणीव आहे. १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट करून २ अँपिअर प्रवाह घेतल्यास १० वॉट उपयोगी पडतात व १४ वॉट उष्णतेत जातात.

नियंत्रकांतही सुधारणा होत गेल्या. वॉल्ट जंग, यान डिडेन इत्यादींनी १९९५ मध्ये ऑडिओ ॲमॅच्युअर या अमेरिकन नियतकालिकात ध्वनीसाठीच्या नियंत्रकांवर लेखमाला लिहिली व हौशी रचनाकारांना प्रयोगशाळेच्या तोडीची मंडले उपलब्ध करून दिली. २०१५ मध्ये लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीने काढलेल्या एलटी ३०४२ या नियंत्रकाचा गोंगाट १० ते १,००,००० हर्ट्‌झ पट्ट्यात केवळ ०·८ मायक्रोव्होल्ट आहे. स्विचन पुरवठ्यामागे असा नियंत्रक जोडून काटकसर व शांतता यांचा मेळ घालता येतो. त्यामुळे अवजड रोहित्र अपरिहार्य आहे, हा समज मागे पडू लागला.

मतभेद : मोजता येणारा प्रत्येक फरक ऐकू येतोच असे नाही. बेंजामिन व गॅनन यांनी १९९८ मध्ये केलेल्या चाचण्यांत संगीतातील सु. २० नॅनोसेकंदांपेक्षा (१ नॅनोसेकंद = १,००० पिकोसेकंद) कमी जिटर श्रोत्यांना ओळखता आला नाही. जपानमध्ये कावोरू आशिहारा व सहकाऱ्यांना २००५ मध्ये यादृच्छिक जिटरसाठी ही मर्यादा काहीशे नॅनोसेकंद आढळली. चांगल्या परिवर्तकांतील जिटर याहून कितीतरी कमी असतो. २००७ मध्ये मेयर व मोरन यांनी उच्च दर्जाचे मुद्रण व तेच मुद्रण १६ अंकी साखळीतून नेलेले, यांची ५५४ वेळा तुलना करविली. श्रोत्यांची उत्तरे निव्वळ योगायोगाइतकीच बरोबर ठरली. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास करून लहान पण संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य फरक आढळल्याचे दाखविले. शेवटच्या दोन अभ्यासांचा विषय मुद्रणाचा दर्जा हा असून विद्युत् पुरवठा हा नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

दुसरी मर्यादा निसर्गाची आहे. २ व्होल्ट निर्गत दाबाच्या यंत्रात २४ अंकी पद्धतीची सर्वांत लहान पायरी सु. ०·३४ मायक्रोव्होल्ट भरते. ती १,००० ओहम रोधकाच्या उष्णताजन्य गोंगाटाहूनही लहान आहे. त्यामुळे शेवटचे काही अंक प्रत्यक्षात या गोंगाटातच बुडतात व कितीही महाग पुरवठ्याने ते वर येत नाहीत.

म्हणून पुरवठ्याचे मूल्य त्याच्या किंमतीवरून वा वजनावरून न ठरविता तो कोणत्या ठिकाणी जोडला आहे यावरून ठरविणे इष्ट ठरते. संदर्भ दाब, आंदोलक व निर्गत विवर्धक यांपाशी काही मायक्रोव्होल्टही महत्त्वाचे असतात. केवळ अंक साठविणाऱ्या व हलविणाऱ्या भागांत मिलिव्होल्टही निरुपद्रवी ठरू शकतात. भूसंपर्कातील प्रवाहासारखे मार्ग मात्र या दोन भागांना जोडतात व ते आधी तोडावे लागतात. एखाद्या सुधारणेचा दावा परिवर्तकाच्या निर्गत टोकावरील मापनाने आणि यंत्राची ओळख लपवून केलेल्या श्रवणाने तपासता येतो. यांपैकी श्रवणाची कसोटी थोड्या चिकाटीने घरीही वापरता येण्यासारखी आहे.