बॅरेकमधली प्रार्थना आणि खांद्यावरचे स्टार

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा, आणि कमेंट करायच्या आधी शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

२०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची याचिका फेटाळली. प्रकरण थोडक्यात असं. हा लेफ्टनंट शीख जवानांच्या तुकडीवर होता. रेजिमेंटच्या धार्मिक परेडला तो जवानांबरोबर जायचा, पण गाभाऱ्यात जायला आणि पूजेत भाग घ्यायला त्याने नकार दिला. त्याचं म्हणणं, माझ्या श्रद्धेत ते बसत नाही, मी बाहेर आदराने उभा राहतो. लष्कराचं म्हणणं, तुकडीचा नायक जवानांपासून असा वेगळा उभा राहिला तर एकजूट मोडते, आणि वरिष्ठांचा आदेश हा आदेश असतो. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढलं. २०२५ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही.

त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय झालं ते आठवा. एक बाजू म्हणाली, धर्मांतरवाल्यांनी आता फौजेतही शिरकाव केलाय. दुसरी म्हणाली, फौज आता एका धर्माची झाली. दोन्ही बाजूंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. हा प्रश्न या मातीत दोनशे वर्षं जुना आहे आणि त्याचा एक पूर्ण इतिहास आहे. त्यात लेफ्टनंट आहेत, शिपाई आहेत, दारूचे पिंप आहेत आणि १८५७ सुद्धा आहे.

सुरुवात दारूपासूनच करू. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात आलेला गोरा सोल्जर म्हणजे बहुतेक गरीब घरचा पोरगा. उन्हाळ्यात दिवसभर बॅरेकमध्ये कोंडलेला. काम नाही, घर हजारो मैल दूर, आणि कँटीनमध्ये स्वस्त दारू. लढाईपेक्षा रोगराईने आणि दारूने जास्त मेले. त्यांच्यासाठी सरकारी पाद्री असायचा, पण तो अधिकाऱ्यांच्या पंगतीतला. मग काही सोल्जर आपापसातच जमायला लागले. संध्याकाळी चार-सहा जण, एक बायबल, थोडं गाणं, आणि आज दारूला शिवायचं नाही असा निर्धार. सैन्यातल्या ख्रिस्ती मंडळांचं मूळ इथे आहे. वरून आलेल्या हुकुमातून ती निघाली नाहीत.

या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे हेन्री हॅवलॉक. हो, तोच. १८५७ च्या जुलैमध्ये फत्तेपूर आणि कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी लढलेला. आपण त्याला फक्त शत्रू म्हणून ओळखतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्याची आधीची गोष्ट पाहा.

१८२४ ला पहिलं ब्रह्मी युद्ध सुरू झालं. इंग्रज फौजेने रंगून घेतलं. हॅवलॉक तेव्हा १३ व्या लाइट इन्फंट्रीत साधा लेफ्टनंट होता. श्वेडगोन पॅगोडाच्या आवारातल्या एका खोलीत तो आपल्या सोल्जरांना जमवून प्रार्थना घ्यायचा. छोट्या बुद्धमूर्तींच्या मांडीवर दिवे ठेवलेले आणि त्या उजेडात बायबलचं वाचन, असं वर्णन त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. दुसऱ्याच्या देवळात, बंदुकीच्या जोरावर घेतलेल्या जागेत ही प्रार्थना चालली होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

छावणीत या लोकांची टिंगल व्हायची. 'हॅवलॉकचे संत' हे त्यांना चिडवायचं नाव. एकदा रात्री अचानक शत्रू आला आणि ज्या तुकडीला बोलावलं ती दारू पिऊन पडलेली. तेव्हा सेनापती कॅम्पबेल म्हणाला म्हणे, हॅवलॉकच्या संतांना बोलवा, ते कधी प्यालेले नसतात. किस्सा रंगवलेला असेलही. पण असले किस्से का टिकतात? वरिष्ठांना जे पाहिजे होतं ते या मंडळांत मिळत होतं. शुद्धीत असलेला, वेळेवर हजर होणारा सोल्जर.

हॅवलॉकने १८२९ मध्ये श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या मुलीशी लग्न केलं. हे श्रीरामपूर बंगालमधलं बरं का, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. पुढच्या वर्षी तो बॅप्टिस्ट झाला. कॅप्टन व्हायला त्याला तब्बल २३ वर्षं लागली. गरीब असल्याने बढती विकत घेता आली नाही. म्हणजे प्रार्थना करतो म्हणून कुणी त्याला डोक्यावर घेतलं नव्हतं. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौला हगवणीने तो गेला. लंडनच्या ट्राफल्गार चौकात त्याचा पुतळा आहे. ख्रिस्ती सैनिक म्हटलं की पुढे इंग्लंडमध्ये हेच नाव पहिलं येऊ लागलं.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

कंपनी सरकार देशी शिपायांच्या धर्माला फार जपून असायचं. प्रेमापोटी नव्हे, भीतीपोटी. १८०६ मध्ये वेल्लोरला नवी पगडी आणली, कपाळावरचं गंध आणि दाढी यावर बंदी घातली, आणि शिपाई उठले. त्या धड्याचा परिणाम किती? १८१९ मध्ये मेरठच्या छावणीत एका देशी नाईकाने स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घेतला, तर कंपनीने त्याला पलटणीतून दूर केलं. ख्रिस्ती सरकारने ख्रिस्ती झालेल्या शिपायाला बाहेर काढलं! गोऱ्या सोल्जरला बायबल वाचायची मुभा, काळ्या शिपायाला नाही. राज्य टिकवायचं म्हटल्यावर धर्मही हिशोबातच बसवावा लागतो.

पण काही अधिकाऱ्यांना हा हिशोब मान्य नव्हता. बराकपूरच्या ३४ व्या नेटिव्ह इन्फंट्रीचा कमांडर कर्नल व्हीलर त्यातला एक. हा माणूस शिपायांना आणि बाजारातल्या लोकांना ख्रिस्ती धर्म सांगायचा. १८५७ मध्ये सरकारने जाब विचारला तेव्हा त्याने लपवलं नाही. वीस वर्षांहून जास्त काळ मी हे करतोय, असं त्याने सरळ कळवलं. पलटण कोणती ते लक्षात आलं का? मंगल पांडेची. २९ मार्चला मंगल पांडेने बंदूक उचलली ती याच पलटणीच्या परेड मैदानावर. एकट्या व्हीलरमुळे बंड झालं असं म्हणणं खोटं ठरेल. काडतुसं होती, पगार होते, खालसा केलेली संस्थानं होती. पण शिपायाच्या मनात बसलेली, आपला धर्म बुडवणार आहेत ही भीती हवेतून आलेली नव्हती. ज्याच्या हातात तुमची रजा, बढती आणि शिक्षा आहे, तोच माणूस तुम्हाला धर्म सांगतोय. ऐकून घेण्याशिवाय शिपायाकडे काय पर्याय होता?

हॅवलॉक आणि व्हीलर दोघेही एकाच धर्माचे, एकाच सैन्यातले, दोघेही मनापासून श्रद्धाळू. फरक एवढाच की हॅवलॉकच्या खोलीत त्याच्याच धर्माचे सोल्जर यायचे, आणि नाही आले तरी चालायचं. व्हीलरने आपल्या हुद्द्याखालच्या परधर्मी माणसासमोर पुस्तक उघडलं. आणि खरं सांगायचं तर हॅवलॉकही पूर्ण सुटत नाही. तोही अधिकारीच होता आणि ती खोली पॅगोडातली होती.

१ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा वाचला गेला. आमची श्रद्धा प्रजेवर लादण्याचा हक्क नको आणि इच्छाही नाही, असा त्याचा आशय. हे शहाणपण १८५७ चं रक्त सांडल्यावर आलं.

यानंतर मंडळांचं काम वाढलं, पण मुख्यतः गोऱ्या फौजेत. त्याआधी १८५१ मध्ये कॅप्टन ट्रॉटर नावाच्या अधिकाऱ्याने 'आर्मी प्रेयर युनियन' सुरू केली होती. अधिकाऱ्यांनी एकमेकांसाठी प्रार्थना करायची, एवढीच साधी कल्पना. तीच पुढे 'ऑफिसर्स ख्रिश्चन युनियन' झाली. सोल्जरांसाठी दुसरी वाट निघाली. १८६२ मध्ये आग्र्याला ग्रेगसन या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने सोल्जरांची दारूबंदी संघटना काढली. १८८८ मध्ये सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी अशा संघटना एकत्र करून 'आर्मी टेम्परन्स असोसिएशन' उभी केली. आयर्लंडमधल्या ट्रॅली गावात १८६९ मध्ये एलिस सँडिस या तरुणीने सोल्जरांना घरी बोलावून चहा, वाचन, प्रार्थना सुरू केली. त्यातून 'सँडिस होम्स' निघाली, ती हिंदुस्थानातल्या छावण्यांपर्यंत पोचली. कँटीनला पर्याय म्हणून एक खोली, खुर्ची, पत्र लिहायला कागद. दिसायला छोटी गोष्ट, पण घरापासून दूर असलेल्या पोराला हीच लागते. आपल्या अपशिंगे मिलिटरीच्या कुठल्याही म्हाताऱ्या सुभेदाराला विचारा.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये आपले शिपाई लढत होते, त्यात मराठेही होते. तिथे वायएमसीएने त्यांच्यासाठी तंबू टाकले. पत्रं लिहून दिली, खेळ दिले, चहा दिला. सरकारची अट एकच होती, धर्मप्रचार करायचा नाही. ख्रिस्ती संस्थेने ती मानली. १८५७ च्या धड्याचा हा चांगला वापर.

विसाव्या शतकात ही मंडळं जगभर गेली. १९३० मध्ये युरोपातल्या काही देशांच्या ख्रिस्ती अधिकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय पातळीवर एकत्र यायला सुरुवात केली. त्यात इंग्रजही होते, जर्मनही. नऊच वर्षांत त्यांचे देश एकमेकांवर बाँब टाकत होते. अमेरिकेत १९३३ मध्ये डॉसन ट्रॉटमन याने कॅलिफोर्नियात 'वेस्ट व्हर्जिनिया' युद्धनौकेवरच्या एका खलाशाला बायबल शिकवायला घेतलं. त्या खलाशाने दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. 'नेव्हिगेटर्स' ही संघटना अशी वाढली. ती नौका पर्ल हार्बरला बुडाली, पण तोवर हे काम इतर जहाजांवर पोचलं होतं. १९४३ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांचीही स्वतंत्र संघटना निघाली.

आणि जिथे वाढ झाली तिथे जुनाच प्रश्न परत आला. २००५ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत वरिष्ठ लोक कॅडेटांवर आपला पंथ लादतात अशा तक्रारी झाल्या, चौकशी बसली. पेंटागॉनमधल्या काही अधिकाऱ्यांनी गणवेशात एका ख्रिस्ती संस्थेच्या प्रचाराच्या व्हिडिओत काम केलं. २००७ च्या चौकशी अहवालाने ते नियमबाह्य ठरवलं. व्यक्ती म्हणून बोलले असते तर हरकत नव्हती. गणवेश घालून बोलले ही चूक.

आता आपल्याकडे या. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू जेसीओ हुद्द्यावर असतात. अनेक ठिकाणी एकाच छताखाली 'सर्व धर्म स्थळ' असतं. मराठा लाइट इन्फंट्री छत्रपती शिवाजी महाराजांचा जयघोष करते. महार रेजिमेंटचा घोष 'बोलो हिंदुस्तान की जय' असा आहे. दोन्ही पलटणींत आपल्याच जिल्ह्यांतली पोरं, दोन्ही शौर्यात अव्वल. एकजूट एकाच साच्यातून येते असं नाही, हे आपल्या फौजेनेच दाखवलंय.

माझं मत सरळ सांगतो. बॅरेकमध्ये चार जवान सुट्टीत भजन म्हणोत, नमाज पढोत, अरदास करोत नाहीतर बायबल वाचोत, कुणाला त्रास व्हायचं कारण नाही. दोनशे वर्षांचा अनुभव सांगतो की त्याने माणूस सावरतोच. धोका तिथे सुरू होतो, जिथे खांद्यावरचे स्टार देवाच्या नावाने बोलायला लागतात. व्हीलरने शिपायाला ख्रिस्त सांगितला तेव्हा जे चूक होतं, ते आज कुठल्याही वरिष्ठाने कुठल्याही धर्मासाठी केलं तरी चूकच.

मग त्या लेफ्टनंटचं काय? न्यायालयाने आदेश आणि शिस्तीचा मुद्दा मोठा मानला, निकाल झाला, तो मान्य करावाच लागेल. जवानांबरोबर उभं राहणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, यातही शंका नाही. पण बरोबर उभं राहणं आणि पूजा करणं यात जे अंतर आहे, ते आदेशाने पुसायचं का? या प्रश्नाचं उत्तर देताना आपला धर्म बाजूला ठेवून पाहा. उद्या तुमचा मुलगा एखाद्या तुकडीचा नायक असेल आणि त्याला दुसऱ्याच्या प्रार्थनेत सामील व्हायचा हुकूम आला, तर तुम्ही त्याला फोनवर काय सांगाल?

ते कमेंटमध्ये लिहा. शिव्या नकोत.