डिजिटल पियानोतील ध्वनिनमुने : एक ऐतिहासिक आढावा

फ्लॉरेन्स येथील मेदिची दरबाराचा वाद्यकार बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी याने इ. स. १७००च्या सुमारास हार्प्सिकॉर्डमधील तार छेडणाऱ्या यंत्रणेच्या जागी हातोडी बसवली आणि बोटाच्या जोरावर स्वराचे लहानमोठेपण ठरू लागले. हळू आणि जोरात या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच या वाद्याला त्याचे नाव मिळाले. मात्र जोर बदलल्याने पियानोचा आवाज केवळ लहानमोठा होत नाही, तर स्वराचा पोतच बदलतो. हलक्या आघातात उपस्वर मोजके असतात. जोरदार आघातात ते उसळून वर येतात. शिवाय पेटीचा स्वर भाता चालू असेपर्यंत टिकतो, तर पियानोचा स्वर जन्मतःच विझू लागतो आणि विझताना सतत रूप पालटतो. हा चंचल ध्वनी यंत्राच्या स्मृतीत कसा साठवावा, हा प्रश्न डिजिटल पियानोच्या मुळाशी आहे. त्याची उत्तरे कशी बदलत गेली आणि प्रत्येक उत्तरात पियानोचा कोणता अंश निसटत राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नमुनाग्रहण अर्थात सॅम्पलिंग याचा सैद्धांतिक पाया संगीतासाठी घातला गेलाच नव्हता. हॅरी नायक्विस्ट यांचे १९२८ मधील लेखन तारसंदेशवहनाविषयी होते. अलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याने १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये मांडलेली ध्वनीला अंकांत बदलण्याची पद्धत दूरध्वनीसाठी होती. ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून अंकांत नोंदवली, तर त्या अंकांतून लहर पुन्हा उभी करता येते. त्यासाठी मोजमापाचा वेग ध्वनीतील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक हवा. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने सेकंदाला ४४,१०० मोजमापांचा दर स्वीकारला तो याच हिशेबाने.

वाद्याचा मुद्रित ध्वनी पट्टीखाली बांधण्याची कल्पना मात्र अंकीय तंत्राहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातील हॅरी चेंबरलिन यांनी १९४०च्या दशकात चुंबकीय फितींवर चालणारे असे वाद्य बनवले. त्याच धर्तीवर १९६३ साली बर्मिंगहॅम येथे मेलोट्रॉन तयार झाले. पट्टी दाबली की तिच्या फितीवरील ध्वनी सुमारे आठ सेकंद ऐकू येई आणि बोट उचलताच फीत मागे खेचली जाई. बासरी किंवा तंतुवाद्यांचा समूह यांना ही रीत मानवली. पण पट्टी हलकी दाबा वा जोराने, फितीवरचा स्वर बदलत नसे. क्रिस्तोफोरीने जे साधले होते, नेमके तेच येथे अनुपस्थित होते.

अंकीय नमुनाग्रहणाचा व्यावसायिक आरंभ सिडनी येथे झाला आणि त्यातही पियानोच निमित्त ठरला. पीटर व्होगेल आणि किम रायरी हे फेअरलाइट या यंत्रावर काम करीत होते. नैसर्गिक वाद्यांचे ध्वनी गणिताने घडवावेत, हा त्यांचा मूळ हेतू. परंतु परिणाम निर्जीव वाटे. १९७८ साली व्होगेल यांनी रेडिओवर चाललेल्या पियानोवादनाचा जेमतेम एका सेकंदाचा तुकडा यंत्रात घेतला आणि तो वेगवेगळ्या उंचीवर वाजवून पाहिला. तो उसना तुकडा त्यांच्या गणितापेक्षा अधिक खरा वाटला. पुढे प्रचलित झालेली 'सॅम्पलिंग' ही संज्ञा त्यांनीच या प्रक्रियेला दिली. १९७९ साली विक्रीस आलेले फेअरलाइट अत्यंत महागडे होते. १९८१ साली कॅलिफोर्नियातील ई-म्यू कंपनीचा इम्युलेटर त्याहून स्वस्तात मिळू लागला, पण त्याची स्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे सुमारे दोन सेकंदांच्या ध्वनीपुरतीच होती.

पियानोच्या दृष्टीने निर्णायक पाऊल रेमंड कुर्झवाईल यांचे मानावे लागेल. अंधांसाठी छापील मजकूर वाचून दाखवणारे त्यांचे यंत्र १९७६ साली प्रसिद्धीस आले आणि गायक-वादक स्टीव्ही वंडर त्याचे आरंभीचे वापरकर्ते होते. संगणकाचे नियंत्रण आणि नैसर्गिक वाद्यांचा ध्वनी एकाच वाद्यात यावेत, हा विचार १९८२ साली या दोघांच्या चर्चेत पुढे आला. त्यातून १९८४ साली कुर्झवाईल २५० हे वाद्य बाजारात आले. त्याला ८८ वजनदार पट्ट्या होत्या. त्याचा ध्वनी मोठ्या पियानोपासून ओळखू येत नाही, असा कंपनीचा दावा होता. तो किती खरा, यापेक्षा तो कोणत्या तुटपुंज्या साधनांवर उभा होता, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचा दोन वाहिन्यांचा एक सेकंद ध्वनी साठवण्यास १,७६,४०० बाइट लागतात. ८८ पट्ट्यांसाठी सरासरी दहा सेकंद धरले, तर आघाताच्या केवळ एका पातळीला सुमारे १५५ मेगाबाइट हवेत. कुर्झवाईल २५० मधील स्थायी स्मृती होती २ मेगाबाइट, तीही सर्व वाद्यांचे ध्वनी मिळून. या दारिद्र्यातून काही युक्त्या जन्मल्या. प्रत्येक पट्टीचा नमुना न घेता काहींचाच घ्यायचा आणि शेजारच्या पट्ट्यांसाठी तो ताणायचा किंवा आखडायचा. आघाताचा क्षण मूळ ठेवायचा आणि पुढचा इवलासा तुकडा पुनःपुन्हा फिरवत त्याचा आवाज कृत्रिमपणे घटवायचा. पण नमुना वर चढवला की हातोडीचा ठोकाही वर चढतो, आणि फिरत्या तुकड्यात विझणाऱ्या स्वराचे रूपांतर गोठून जाते. १९८३ सालच्या मिडी मानकाने आघाताच्या १२७ पायऱ्या नोंदवण्याची सोय केली. नमुने मात्र दोन-चार पातळ्यांचेच असत, त्यामुळे एका पातळीवरून दुसरीवर जाताना जाणत्या कानाला उडी ऐकू येई. १९८६ साली रोलंड कंपनीने आरडी-१००० मध्ये मुद्रित पियानोचे विश्लेषण करून त्याचा स्वर गणिताने पुन्हा रचण्याचा मार्ग धरला, तो हीच उडी टाळण्यासाठी.

स्मृती स्वस्त झाल्यावर नमुने मोठे झाले. १९९८ सालच्या गिगासॅम्पलर या संगणकप्रणालीने ध्वनी थेट हार्ड डिस्कवरून वाचण्याची सोय केली. प्रत्येक पट्टीचा, अनेक पातळ्यांचा, शेवटापर्यंत विझणारा नमुना शक्य झाला. समस्या संपली असे येथे वाटू शकते. वस्तुतः तिचे खरे स्वरूप येथेच उघड झाले. पियानोचे उजवे पेडल दाबले की सुमारे २३० तारा मोकळ्या होतात आणि वाजलेल्या एका स्वराने इतर तारा सतारीच्या तरफांप्रमाणे झंकारतात. कोणत्या तारा मोकळ्या आहेत आणि कोणत्या आधीच वाजत आहेत, यांच्या जोडण्या अगणित असल्याने त्या सर्वांचे नमुने घेणे अशक्य आहे. नमुना एका पट्टीचा असतो. पियानो मात्र एकसंध कंपणारी वस्तू आहे.

या मर्यादेला उत्तर म्हणून २००६ साली फ्रान्समधून पियानोटेक ही प्रणाली आली. तिच्यात एकही मुद्रित नमुना नाही. हातोडी, तार आणि ध्वनिफलक यांची भौतिक समीकरणे सोडवून स्वर निर्माण होतो. रोलंडचा व्ही-पियानो २००९ मध्ये याच मार्गाने आला. व्होगेल आणि रायरी यांनी सोडून दिलेली वाट तीन दशकांनी अशी पुन्हा खुली झाली. तरीही नमुना मागे पडला नाही. त्यात विशिष्ट वाद्याची, कारागिराच्या हाताची ओळख असते. यामाहाने २००८ साली व्हिएन्नाची बोझेनडॉर्फर कंपनी विकत घेतल्यानंतर तिच्या इम्पिरिअल पियानोचे नमुने क्लाव्हिनोव्हात आले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

हा वाद केवळ अभियंत्यांचा नाही. अनेक विद्यार्थ्यांचा हात आता प्रथम डिजिटल वाद्यावरच घडतो. पेडल अर्धे उचलून झंकार किती उरवावा, हे शिक्षकाने सांगून कळत नाही. वाद्याने दिलेल्या उत्तरातूनच ते कळते. पेडलला केवळ चालू आणि बंद या दोनच अवस्था असलेल्या स्वस्त वाद्यावर तो प्रश्न विचारताच येत नाही. २०१० नंतरच्या दशकात अनेक नमुनाधारित वाद्यांनीही तारांचा परस्परझंकार गणिताने काढण्यास आरंभ केला. अशा वाद्यात मूळ स्वर कोण्या एका पियानोचा मुद्रित स्वर असतो, तर त्याभोवतीचा झंकार वादकाच्या त्या क्षणीच्या पट्ट्या आणि पेडल पाहून घडवला जातो.