मेमरी कार्ड : निष्क्रिय अवस्थेतील शक्तिबचत

कॅमेरा, भ्रमणध्वनी, स्वयंचलित नोंदयंत्र यांसारख्या साधनांत माहिती साठविण्यासाठी वापरण्यात येणारी व सहज काढता-घालता येणारी अर्धसंवाहक स्मृती म्हणजे मेमरी कार्ड होय. अशी साधने बहुधा विद्युत् घटमालेवर चालतात आणि त्यांतील कार्ड बराच काळ निष्क्रिय असते. त्या काळात ते किती शक्ती घेते, यावर घटमालेचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. माहिती टिकवून ठेवणे व तिच्यावर क्रिया करणे ही दोन कार्ये शक्तीच्या दृष्टीने वेगळी करणे, हे या बचतीचे मूलतत्त्व असून ते टप्प्याटप्प्याने विकसित झाले.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ मध्ये चुंबकीय गाभ्यांची स्मृती बसविण्यात आली. शक्तिपुरवठा थांबला तरी तीतील माहिती टिकून राही. १९७० मध्ये इंटेल कंपनीने ११०३ ही गतिक स्मृतीची चिप बाजारात आणली. तीत माहिती सूक्ष्म धारित्रांतील विद्युत् भाराच्या रूपात असते. हा भार गळत असल्याने काही मिलिसेकंदांच्या अंतराने तो पुन:पुन्हा भरावा लागतो. आकार व किंमत कमी झाली. तथापि केवळ माहिती टिकविण्यासाठीही शक्ती खर्च होऊ लागली.

यावरील उपायाची बीजे त्यापूर्वीच रुजली होती. १९६३ मध्ये फ्रँक वॉनलस यांनी ट्रँझिस्टरांची पूरक मांडणी (सीमॉस) मांडली. तीत शक्ती मुख्यतः अवस्था बदलतानाच खर्च होते. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डावॉन कांग व सायमन झी यांनी निरोधकाने वेढलेल्या ‘तरंगत्या द्वारा’त विद्युत् भार साठविण्याची कल्पना प्रसिद्ध केली. तिच्या आधारे तोशिबा कंपनीतील फूजिओ मासूओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जाहीर केली. तीतील भार शक्तिपुरवठ्याविना अनेक वर्षे टिकतो.

कार्डे व शक्तिबचत : काँपॅक्ट फ्लॅश (१९९४), मल्टिमीडिया कार्ड (१९९७) व एसडी कार्ड (१९९९) यांत फ्लॅश स्मृतीबरोबर एक नियंत्रकही असतो. निष्क्रिय असताना स्मृतीला माहिती टिकविण्यासाठी शक्ती लागत नाही. ती लागते मुख्यतः नियंत्रकाला. एसडी कार्डाशी होणारी देवाणघेवाण यजमान साधनाने पुरविलेल्या कालस्पंदांवर चालते. काम नसताना साधन हे स्पंद थांबवू शकते. शिवाय काही मिलिसेकंदांत नवी आज्ञा न आल्यास अनेक कार्डे आपण होऊन निद्रावस्थेत जातात व आज्ञा मिळताच जागी होतात. मल्टिमीडिया कार्डाच्या २००७ मधील ४·३ आवृत्तीत निद्रेसाठी स्वतंत्र आज्ञाच देण्यात आली.

सर्वसाधारण वेगाच्या एसडी कार्डाला वाचन-लेखनाच्या वेळी १०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. निद्रावस्थेत तो बहुधा मिलिअँपिअरच्या दशांशांत असतो. २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची घटमाला केवळ कार्डासाठी वापरली, तर १०० मिलिअँपिअर प्रवाहाने ती २० तासांत संपेल. ०·२ मिलिअँपिअर प्रवाहाने मात्र सुमारे चौदा महिने पुरेल.

मर्यादा : कार्डाचा पुरवठा पूर्णपणे तोडल्यास बचत आणखी वाढते, परंतु संदेशवाहक तारांवर विद्युत् दाब राहिल्यास त्यांतून कार्डात प्रवाह शिरत राहतो. पुन्हा सुरू करताना ४०० किलोहर्ट्झपर्यंतच्या मंद स्पंदांवर आरंभक्रिया करावी लागते व तीतही शक्ती खर्च होते. याहून गंभीर धोका माहितीचा असतो. फ्लॅश स्मृती खंडाखंडाने पुसली जात असल्याने नियंत्रक जुनी माहिती हलवितो व तिच्या स्थानांची सूची ठेवतो. हे काम चालू असताना पुरवठा तुटल्यास नव्या नोंदीबरोबर पूर्वीच्या नोंदीही नष्ट होऊ शकतात. म्हणून कार्डाचा ‘व्यस्त’ संकेत संपेपर्यंत पुरवठा चालू ठेवणे आवश्यक असते आणि त्या संकेताचा शेवट कळण्यासाठी स्पंदही द्यावे लागतात. यंत्रात कायम जोडलेल्या ईएमएमसी स्मृतीच्या २०११ मधील ४·५ आवृत्तीत पुरवठा बंद होण्याची पूर्वसूचना देण्याची सोय करण्यात आली. दुर्गम ठिकाणी महिनोन् महिने एकट्याने चालणाऱ्या नोंदयंत्रात अशी दक्षता विशेष महत्त्वाची ठरते. कारण संपलेली घटमाला बदलता येते, गेलेली नोंद पुन्हा घेता येत नाही.